कारखान्यांच्या प्रदेशातून शरीरक्रियाशास्त्राकडे

मांजराच्या मेंदूतील पोकळीत ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य अत्यल्प प्रमाणात सोडले असता ते जनावर निद्रेसारख्या अवस्थेत जाते, ही गोष्ट १९३४ च्या सुमारास ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’ या ब्रिटिश नियतकालिकातून जगासमोर मांडणारा आणि एडिंबरो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारा संशोधक मराठी होता, हे आज पुणे परिसरातील फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. भालचंद्र बाबाजी दीक्षित हे त्यांचे नाव. पुढे ते पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि १९५६ साली दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली तेव्हा तिच्या पहिल्या संचालकपदाची सूत्रे त्यांच्याच हाती आली. त्यांच्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९३७ साली, कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, केंब्रिज येथे फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्र विभागात दाखल झाल्या आणि वनस्पतींच्या ऊतींतील सायटोक्रोम सी या द्रव्यावर छोटेखानी प्रबंध लिहून १९३९ साली पीएच.डी. घेऊन परतल्या. ज्या एडिंबरोत ए. जे. क्लार्क हे द्रव्य आणि पेशी यांच्या परस्परसंबंधाला गणिताची शिस्त लावीत होते तेथेच दीक्षितांना ॲसिटिलकोलीनचा प्रश्न हाताळता आला, आणि ज्या केंब्रिजमध्ये रॉबिन हिल वनस्पतींच्या श्वसनाचा मागोवा घेत होते तेथेच सोहोनींना आपला विषय गवसला. म्हणजे विद्यापीठाच्या लौकिकापेक्षा तेथे कोणता प्रश्न कोणाच्या हातात आहे याला या दोन्ही प्रवासांत अधिक मोल होते.

हा इतिहास येथे आठवण्याचे प्रयोजन असे, की पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातून परदेशी पीएच.डी.चा विचार करणाऱ्या तरुण-तरुणींची संख्या आता लक्षणीय झाली असून त्यांच्या विचाराचा क्रम मात्र बहुधा उलटा असतो. पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. किंवा शरीरक्रियाशास्त्रात एम.डी. झालेले डॉक्टर, त्याच परिसरातील भौतिकोपचाराचे म्हणजे फिजिओथेरपीचे आणि औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर, ताथवड्याच्या जैवतंत्रज्ञान संस्थेतून बाहेर पडलेले विद्यार्थी, इतकेच काय पण निगडी-आकुर्डीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्युत-संकेतांचे गणित शिकून हृदयाच्या आलेखाकडे वळलेले अभियंते, अशी ही मंडळी आहेत. यांतील अनेकांचे वडील टेल्कोत, बजाजमध्ये किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये आयुष्यभर तीन पाळ्यांत राबलेले असतात. घरात पहिला प्रश्न निघतो तो देश कोणता, दुसरा परीक्षा कोणती, तिसरा खर्च किती. आणि मुलाला किंवा मुलीला शरीराच्या कोणत्या व्यापाराविषयी खरोखर कुतूहल आहे, हा प्रश्न बहुधा कोणी विचारतच नाही. माझे स्पष्ट मत असे आहे, की शरीरक्रियाशास्त्रातील संशोधनाची जागा शोधणाऱ्याने प्रथम प्रश्न निश्चित करावा, मग त्या प्रश्नावर काम करणारी प्रयोगशाळा शोधावी, तिच्या मागोमाग पैशाची तजवीज पाहावी आणि देशाचा विचार अगदी शेवटी करावा.

प्रश्न शोधायला या प्रदेशातील उमेदवाराला दूर जावे लागत नाही, आणि हे त्याचे फार मोठे भाग्य आहे. शरीरक्रियाशास्त्र हे केवळ बंद खोलीतील बेडकाच्या स्नायूंवर वाढलेले शास्त्र नव्हे. जे. एस. हॉल्डेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कॉर्नवॉलच्या खाणींत उतरून उष्ण व दमट हवेत मनुष्य कोठवर काम करू शकतो याचा अभ्यास केला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, ब्रिटिश सरकारने कामगारांच्या थकव्याचा शास्त्रीय विचार करण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले. आणि हार्वर्डमध्ये १९२७ ते १९४७ या काळात चाललेल्या ‘फटीग लॅबोरेटरी’ने व्यायाम, उष्णता आणि उंची यांचे शरीरावरील परिणाम मोजण्याची जी पद्धती घालून दिली तिच्यावर आजचे व्यायाम-शरीरक्रियाशास्त्र उभे आहे. आपल्याकडेही शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक शरीरक्रियाशास्त्राचा विभाग आहे आणि अहमदाबादेत व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. पिंपरी-चिंचवडच्या पलीकडे, लोणावळ्यात, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून प्राणायामात प्राणवायू किती खर्च होतो यासारखे प्रश्न उपकरणांनी मोजायला आरंभ केला होता, आणि येल विद्यापीठात पीएच.डी. करणारे के. टी. बेहानन हे त्याच कामासाठी त्यांच्याकडे येऊन राहिले होते. हे सारे ध्यानी घेता कारखान्यांच्या या प्रदेशात शरीरक्रियाशास्त्राची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये.

रात्रपाळीचाच विचार करा. चाकण, महाळुंगे, तळेगाव येथील कारखान्यांत सहस्रावधी माणसे आठवड्या-आठवड्याने पाळी बदलीत काम करतात, त्यांच्या निद्रेचे, रक्तातील साखरेचे, रक्तदाबाचे आणि पचनाचे दैनिक चक्र सूर्याशी फारकत घेते, आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २००७ साली अशा पाळीला मनुष्यास बहुधा कर्करोगकारक ठरणाऱ्या गोष्टींच्या वर्गात घातले व २०१९ साली तो निर्णय कायम केला. पेशींतील घड्याळाचे आनुवंशिक यंत्र उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आज जगातील अनेक प्रयोगशाळा या विषयावर काम करीत आहेत. पण त्यांना मिळणारी मानवी उदाहरणे मुख्यतः युरोप-अमेरिकेतील परिचारिकांची व कामगारांची असतात. भोसरीच्या ओतशाळेतील उष्णता, प्रेस शॉपमधील अखंड आघातांचा आवाज, हातात धरलेल्या ग्राइंडरची थरथर, वाळूच्या साच्यांतून उडणारी सिलिकाची धूळ, जुळणीच्या साखळीवर मिनिटामिनिटाला त्याच सांध्याची होणारी तीच हालचाल, आणि या सर्वांहून बिकट म्हणजे कंत्राटी कामगाराचे अपुरे अन्न व अपुरी झोप, यांतील एकेक बाब म्हणजे अनुक्रमे उष्णतानियमनाचा, श्रवणाचा, सूक्ष्म रक्ताभिसरणाचा, फुप्फुसाचा, स्नायू-सांध्यांचा आणि चयापचयाचा प्रश्न आहे. या प्रदेशात वाढलेला उमेदवार जेव्हा परदेशी प्राध्यापकाला पत्र लिहितो तेव्हा ‘मला संशोधनाची आवड आहे’ या वाक्याने आरंभ करण्याऐवजी यांतील एखाद्या प्रश्नाने त्याने आरंभ केला, तर त्या पत्राचे वजन निराळेच होते.

प्रश्न हाती आल्यावर पुढची अडचण अशी, की शरीरक्रियाशास्त्र या एकाच नावाचा स्वतंत्र विभाग आता जगात कमी होत चालला आहे. केंब्रिजमध्ये तो विकासशास्त्र व मज्जाशास्त्र यांच्याशी एकत्र केला आहे, ऑक्सफर्डमध्ये शरीररचना व आनुवंशिकी यांच्याशी, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत औषधशास्त्राशी. आणि अमेरिकेत तर अनेक ठिकाणी पीएच.डी.चा प्रवेश ‘जैववैद्यकीय शास्त्रे’ अशा एका विस्तीर्ण छत्राखाली होऊन वर्षभराने विद्यार्थी आपला विभाग निवडतो. सबब केवळ विभागांच्या याद्या चाळणारा विद्यार्थी अर्ध्याहून अधिक जागा न पाहताच परततो. हृदयाच्या आयन-वाहिन्यांचे काम जैवभौतिकीत, स्नायूंचे काम क्रीडाशास्त्रात, निद्रेचे काम मानसोपचार विभागात आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचे काम एखाद्या इस्पितळाला जोडलेल्या स्वतंत्र संस्थेत चाललेले असते. शोधाची विश्वासार्ह रीत एकच: आपल्या प्रश्नावरचे गेल्या पाच वर्षांतील दहा-पंधरा निबंध वाचावेत, त्यांतील लेखकांची नावे व अखेरीस दिलेली अनुदानांची नोंद टिपावी, आणि ज्यांची नावे वारंवार येतात त्यांच्या प्रयोगशाळांची यादी आपल्या हाताने तयार करावी. चिंचवड स्थानकाच्या आसपास किंवा पिंपळे सौदागरात ज्यांच्या पाट्या दिसतात त्या सल्लागार कचेऱ्यांकडून ही यादी मिळणार नाही, कारण त्यांचा व्यवहार मुख्यतः शुल्क भरून घ्यावयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा असतो.

देशोदेशीच्या पद्धतींत अमेरिकेची पद्धत आपल्याकडील पदवीधरांना सर्वांत सोयीची ठरत आली आहे. तेथे पदव्युत्तर पदवीची अट बहुधा नसते. किमान चार वर्षांची पदवी, जसे बी.फार्म., बी.पी.टी., बी.ई. किंवा एम.बी.बी.एस., पुरेशी मानली जाते. पहिल्या वर्षी विद्यार्थी दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून पाहतो व नंतर मार्गदर्शक ठरवतो. शिक्षणशुल्क माफ असते आणि विद्यावेतन मिळते. पदवीला पाच ते सहा वर्षे लागतात. अर्ज बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात, आणि विद्यावेतनासह आलेले बोलावणे स्वीकारण्याची सर्वमान्य अखेरची तारीख १५ एप्रिल असते. जी.आर.ई. ही परीक्षा जैववैद्यकीय शाखांतील पुष्कळ विद्यापीठांनी गेल्या काही वर्षांत रद्द केली असताना तिच्या शिकवणीवर आपल्याकडे अजून खर्च होतो, ही खेदाची गोष्ट आहे. परंतु परदेशी विद्यार्थ्याने एक तपशील मुद्दाम विचारून घ्यावा: राष्ट्रीय आरोग्य संस्थांची प्रशिक्षण-अनुदाने आणि वैयक्तिक पीएच.डी. शिष्यवृत्त्या तेथील नागरिकांना व कायम रहिवाशांना राखून ठेवलेल्या असतात, म्हणून आपले विद्यावेतन विद्यापीठाच्या निधीतून येणार की मार्गदर्शकाच्या संशोधन-अनुदानातून, आणि ते अनुदान कोणत्या वर्षी संपते, हे आधीच समजून घेतलेले बरे. २०२५ साली त्या देशातील संशोधन-निधीत जी उलथापालथ झाली तिच्यामुळे अनेक संस्थांनी प्रवेश कमी केले, काहींनी दिलेली बोलावणी परत घेतली. तेव्हा केवळ अमेरिकेवर सारी मदार ठेवणे या घटकेला शहाणपणाचे नाही.

इंग्लंडचे गणित निराळे आहे. मुदत तीन ते चार वर्षांची, विषय व मार्गदर्शक आरंभीच ठरलेले, आणि परदेशी विद्यार्थ्याला लागू होणारे शुल्क तेथील विद्यार्थ्याच्या कित्येक पट. सरकारी संशोधन-परिषदांच्या शिष्यवृत्त्या २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना खुल्या झाल्या असल्या तरी प्रत्येक तुकडीत त्यांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या मर्यादेत ठेवलेले आहे. केंब्रिजची गेट्स, ऑक्सफर्डची ऱ्होड्स, भारतीयांसाठी असलेली फेलिक्स, वेलकम न्यासाचे चार वर्षांचे कार्यक्रम आणि राष्ट्रकुल शिष्यवृत्ती या तेथील प्रतिष्ठेच्या वाटा होत. शिष्यवृत्ती मिळूनही जो खर्च विद्यार्थ्याच्या पदरी पडतो त्याकडे घरच्यांचे लक्ष वेधावेसे वाटते: आरोग्यसेवेचा अधिभार विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड आहे आणि तो संपूर्ण मुदतीसाठी व्हिसाच्या अर्जासोबतच एकरकमी भरावा लागतो, म्हणजे चार वर्षांचे तीन हजारांहून अधिक पौंड पहिल्या विद्यावेतनाआधीच उभे करावे लागतात. काही विद्यापीठे ही रक्कम परत करतात; विचारल्याशिवाय ती माहिती मिळत नाही.

युरोप खंडाकडे, विशेषतः जर्मनीकडे, या पट्ट्यातील विद्यार्थ्यांनी अधिक गांभीर्याने पाहावे असे मला मनापासून वाटते. चाकणमध्ये फोक्सवागन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आल्यापासून जर्मन भाषा येथील घरांना परकी राहिलेली नाही. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात ती शिकलेले अभियंते प्रत्येक सोसायटीत सापडतात. तेथे बहुतेक ठिकाणी पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला शुल्क नसते आणि तो प्रयोगशाळेचा वेतनधारी कर्मचारी असतो, त्यामुळे आरोग्यविमा व निवृत्तिवेतनाचे अंशदानही त्याला लाभते. मात्र पदव्युत्तर पदवीची किंवा तिच्या तोडीच्या शिक्षणाची अट तेथे कसोशीने पाळली जाते. बाड नाउहाइम येथील माक्स प्लांक हृदय व फुप्फुस संशोधन संस्था तिच्या आंतरराष्ट्रीय संशोधन-शाळेमार्फत इंग्रजीतून विद्यार्थी घेते. धुळीच्या व धुराच्या प्रदेशातून आलेल्या आणि फुप्फुसाचा प्रश्न मनात असलेल्या विद्यार्थ्याला याहून योग्य स्थान सहसा सापडणार नाही. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्यूरी योजनेतील डॉक्टरेट-जाळी हा आणखी एक भक्कम मार्ग आहे: उमेदवाराकडे आधीची डॉक्टरेट नसावी, आणि ज्या देशात जागा आहे तेथे त्याने मागील छत्तीस महिन्यांत बारा महिन्यांहून अधिक काळ वास्तव्य केलेले नसावे, एवढ्याच मुख्य अटी, दुसरी अट भारतातून प्रथमच जाणाऱ्याच्या बाजूची आहे. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये, कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग यांना केशवाहिन्यांच्या कामासाठी १९२० साली नोबेल मिळाले त्या परंपरेत, पीएच.डी.ची जागा नोकरीसारखी जाहीर होते, जाहिरातीत प्रकल्प नेमका सांगितलेला असतो, आणि अर्ज त्या प्रकल्पालाच उद्देशून करावा लागतो. शंभर ठिकाणी धाडलेला एकच मसुदा तेथे तत्काळ ओळखला जातो.

जपानची वाट आपल्याकडे कमी परिचित असली तरी ओकाझाकी येथील राष्ट्रीय शरीरक्रियाशास्त्र संस्थेत पदवीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, ओकिनावाच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत प्रत्येक विद्यार्थ्याला पूर्ण विद्यावेतन आहे, आणि जपानी सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज वकिलातीमार्फत करता येतो. ऑस्ट्रेलियात शिष्यवृत्ती मध्यवर्ती सरकारची पण निवड विद्यापीठाची, मुंबईच्या आय.आय.टी.ने मोनाश विद्यापीठाबरोबर २००८ साली उभारलेल्या संयुक्त अकादमीत तर पीएच.डी.चा मोठा भाग पवईतच पुरा करून दोन्ही संस्थांची पदवी घेता येते. घर फार काळ सोडणे ज्यांना शक्य नाही त्यांनी हा पर्याय जरूर पाहावा.

आता पैशाविषयी, कारण मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबांत अखेर सारी चर्चा येथे येऊन थांबते. बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, या घटनेने परदेशी उच्चशिक्षणाला सरकारी आश्रय देण्याची जी परंपरा मराठी मनात रुजवली तिचेच आजचे रूप म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी असलेल्या तशाच योजना, आणि मराठा समाजातील विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ संस्थेची योजना. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी १२५ जागा असून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे लागते. या योजनांनी अनेक घरांचे भवितव्य पालटले आहे, म्हणूनच त्यांतील दोष मोकळेपणाने सांगितले पाहिजेत. निवडयादी परदेशी सत्र सुरू झाल्यावर लागल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांतून वारंवार येतात, आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची जी अट या योजनांत असते ती पीएच.डी.च्या बाबतीत मुळीच योग्य नाही. कारण संशोधनाचा दर्जा विद्यापीठाच्या एकूण क्रमांकापेक्षा त्या एका विभागाच्या कामावर अवलंबून असतो. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांच्या संशोधनात जगभर मान्यता असलेले गीसेनचे विद्यापीठ क्रमवारीत पहिल्या दोनशेंत नाही, आणि त्यामुळे ज्या विद्यार्थ्याने तेथेच जायला हवे त्याला शासनाचा नियम दुसरीकडे वळवतो. शासनाने पीएच.डी.साठी ही अट विषयवार करावी, अशी मागणी वैद्यकीय व विज्ञान शिक्षकांच्या संघटनांनी लावून धरायला हवी.

खाजगी न्यासांपैकी जे. एन. टाटा एन्डॉवमेन्ट १८९२ पासून अभ्यासासाठी कर्जरूप साहाय्य देत आहे, आणि इनलॅक्स शिवदासानी प्रतिष्ठानाची शिष्यवृत्तीही मानाची समजली जाते. पण बँकेचे कर्ज काढून, निगडी प्राधिकरणातील घर तारण ठेवून पीएच.डी.ला जाणे मला सर्वथा अयोग्य वाटते. पदव्युत्तर अभ्यासासाठी कर्ज काढणाऱ्याला पुढे नोकरीची आशा तरी असते, पीएच.डी.चा विद्यार्थी चार-सहा वर्षे तुटपुंज्या विद्यावेतनावर राहणार असल्याने व्याज घरच्या वडीलधाऱ्यांवर चढत जाते, आणि प्रयोग फसला की विद्यार्थ्याची रात्रीची झोप उडते. ज्या जागेला निधी जोडलेला नाही ती जागा कितीही नामांकित विद्यापीठाची असली तरी नाकारण्याचे धैर्य उमेदवाराने आणि त्याच्या आई-वडिलांनी दाखवले पाहिजे.

पूर्वतयारीत आपला विद्यार्थी कोठे कमी पडतो, याचाही विचार केला पाहिजे. एका पिढीपूर्वी प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी बेडकाचा मज्जातंतू-स्नायू वेगळा काढून काजळी धरलेल्या फिरत्या पिंपावर त्याच्या आकुंचनाचा आलेख उमटवीत असे. प्राण्यांवरील प्रयोग २०१४ च्या सुमारास अभ्यासक्रमांतून बहुतांशी गेले, त्यांची जागा संगणकावरील नक्कलेने घेतली, आणि करुणेच्या दृष्टीने हे योग्यच झाले; तथापि त्यामुळे जिवंत ऊतीला हात लावण्याची सवय मोडली, आणि परदेशी प्रयोगशाळेत पहिल्याच महिन्यात प्राणी हाताळण्याचा परवाना काढावा लागतो तेव्हा ती उणीव जाणवते. इंग्लंडमध्ये हा वैयक्तिक परवाना १९८६ च्या कायद्याखाली गृहखात्याकडून मिळतो. ही उणीव भरून काढण्यासाठी पुण्यातील आयसर, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र किंवा आघारकर संस्था यांत सहा महिने ते वर्षभर प्रकल्प-साहाय्यक म्हणून काढणे हा माझ्या मते सर्वांत हितावह मार्ग आहे. त्यातूनच असा एक मार्गदर्शक लाभतो जो शिफारसपत्रात विद्यार्थ्याच्या हाताचे व बुद्धीचे प्रत्यक्ष वर्णन करू शकतो. विभागप्रमुखाच्या हुद्द्याखाली आलेले, पण विद्यार्थ्याला न ओळखणाऱ्या माणसाचे शिफारसपत्र परदेशी निवड-समितीला चटकन कळते. ज्यांना मानवी शरीरक्रियेवरच काम करायचे आहे त्यांनी श्वसनमापन, हृदयगतीच्या चढउतारांचे विश्लेषण, संख्याशास्त्र आणि थोडी संगणकीय आज्ञावली, एवढे तरी आत्मसात करून जावे.

प्रकाशित निबंधांचा मोह येथे अनर्थ करतो. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीतील नियतकालिकांची छाननी केली, तेव्हा विद्यापीठांनी सुचवलेल्या ज्या नियतकालिकांचे परीक्षण झाले त्यांपैकी ८८ टक्के निकृष्ट किंवा संशयास्पद आढळली. पैसे भरून अशा ठिकाणी छापलेला निबंध उमेदवाराच्या नावावर कायमचा राहतो. त्यापेक्षा एकही निबंध नसलेला, पण आपल्या एम.डी. प्रबंधातील मोजमापांच्या मर्यादा नेमक्या सांगू शकणारा विद्यार्थी कोणत्याही सुज्ञ मार्गदर्शकाला अधिक आवडेल.

मार्गदर्शकाला लिहावयाचे पत्र ही एक कला आहे, आणि ती शिकता येते. पत्र एका पृष्ठाच्या आत असावे; पहिल्या परिच्छेदात आपला प्रश्न, दुसऱ्यात त्या व्यक्तीच्या एखाद्या निबंधातील कोणत्या निष्कर्षाने आपल्याला विचारात पाडले ते, तिसऱ्यात आपण काय करू शकतो आणि निधीची आपली स्थिती काय, एवढा मजकूर पुरे. ‘परम आदरणीय’ अशा विशेषणांची भरताड करू नये. उत्तर आले नाही तर तीन आठवड्यांनी एकदा विनम्र स्मरण द्यावे आणि मग पुढच्या नावाकडे वळावे. प्रयोगशाळेतील विद्यमान विद्यार्थ्यांना, शक्य तर भारतीय विद्यार्थ्याला, खाजगीत विचारावे की येथून माणसे किती वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतात आणि मध्येच सोडून जाणारे किती. मार्गदर्शकाच्या स्वभावाविषयी याहून खरी माहिती दुसरीकडे मिळत नाही. मुलींच्या बाबतीत लग्नाचा विषय घरात याच सुमारास निघतो, आणि चार-पाच वर्षांच्या प्रबंधाला तो मधेच छेद देतो. या विषयावर घराने निघण्याआधीच एकमत करून मुलीला मोकळ्या मनाने जाऊ द्यावे, असे मी कळकळीने सांगतो.

उलट दिशेची वाटही आहे, तिचा उल्लेख थोडक्यात करतो. पुण्यात शिकणारे आफ्रिकी, नेपाळी व पश्चिम आशियाई विद्यार्थी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर येथेही पीएच.डी. करू शकतात, आणि भारतीय विद्यार्थ्याला परदेशाची घाई नसेल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची किंवा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची कनिष्ठ शिष्यवृत्ती मिळवून येथे नाव नोंदवता येते, व फुलब्राइट-नेहरूसारख्या शिष्यवृत्तीवर सहा ते नऊ महिने अमेरिकेतील प्रयोगशाळेत काढता येतात. ही दुय्यम प्रतीची तडजोड मानण्याचे कारण नाही.

या पट्ट्यात अद्याप घडायला हवी अशी एक व्यवस्था राहते. १९५४ साली पिंपरीत जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तेव्हा त्याला संशोधन-विभाग जोडलेला होता, आणि तेथेच तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसीन हे बुरशीनाशक औषध शोधले. म्हणजे कारखाना आणि संशोधन एका आवारात नांदू शकतात हे या भूमीने पाहिलेले आहे. मोटारींच्या कारखान्यांनी तशी परंपरा मानवी शरीराच्या बाबतीत निर्माण केली नाही. कारखाने अधिनियमात भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी मालकाने ठेवणे बंधनकारक झाले. श्रवणाच्या, श्वसनाच्या व रक्ताच्या अशा वर्षानुवर्षांच्या नोंदी कारखान्यांच्या वैद्यकीय दप्तरांत पडून असतात. नीतिसमितीची रीतसर मंजुरी, कामगाराची त्याच्या भाषेत घेतलेली खरी संमती, आणि या नोंदींमुळे त्याची नोकरी जाणार नाही याची लेखी हमी, या तीन गोष्टी झाल्या तर पिंपरीचे वैद्यकीय महाविद्यालय, महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आणि एखादी परदेशी प्रयोगशाळा यांच्यात संयुक्त मार्गदर्शनाचा करार होऊ शकतो, ज्यात विद्यार्थ्याचे नाव गीसेनला किंवा कोपनहेगनला नोंदलेले असेल आणि त्याची मोजमापे भोसरी व चाकण येथे, कामगारांच्या पाळीच्या वेळी, घेतली जातील. असा करार करण्यासाठी संबंधित विद्यापीठाच्या कुलगुरूंनी पुढाकार घ्यावा; त्याचा मसुदा तयार करण्याइतके शिक्षक या संस्थांत आजही आहेत.